ओला ताणा

गोपिकाला राग यायला कारण लागत नाही, असं तिची माय म्हणे. पण त्या सकाळी कारण होतं, आणि तेही चांगलं बोळभर पसरलेलं होतं.

कॉलेजची वेळ होत आलेली. हातात पुस्तकं, पाठीवर लांबच लांब वेणी... दारातून पाय बाहेर टाकते तो समोर ताणा! समोरच्या नानाजींच्या घरचा. बोळाच्या तोंडाशी असलेल्या खुंटीपासून पार टोकाच्या निंबापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर, पांढऱ्या सुताचे धागेच धागे ताणून बांधलेले, आणि त्यांवर ओली खळ. तांदळाच्या पेजेचा तो आंबूस वास थंडीतल्या कोवळ्या उन्हात भरून राहिला होता. गोपिकाचं घर ताण्याच्या अलीकडे, आणि रस्ता पलीकडे!

कोष्ट्यांचा बोळ होता तो, आणि बोळाचा एक नियम होता. मागावर चढवायचे उभे धागे आधी असे उन्हात ताणायचे, त्यांना खळ लावायची, कुंच्याने विंचरायचे. खळ लागलेली नसेल तोवर कुणी हाक मारली तर मालक खुंटी ढिली करून वाट देई. एकदा खळ लागली की मात्र नाही. ओला ताणा ढिला पडला तर धागे एकमेकांना चिकटतात आणि साऱ्या घराची मेहनत मातीत जाते. म्हणून ओला ताणा कुणी ओलांडायचा नाही, त्याच्याखालून वाकून जायचं नाही. वाळेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या बाजूला थांबायचं. राजा आला तरी थांबायचं.

गोपिका थांबली नाही. पुस्तकं छातीशी धरली, वाकली आणि सरळ ताण्याखाली शिरली. अर्ध्यात पोचली... आणि मान मागे ओढली गेली. वेणी चिकटली होती!

"हलू नका!" पलीकडून कुणी तरी ओरडलं. "जिथं हायात तिथंच राहा!"

"मले कॉलेजले जाचं हाये," गोपिका वाकल्या वाकल्या म्हणाली.

"मलेही जाचं हाये. पण तुमच्या वेणीनं माह्या ताण्याले मिठी मारली, त्याले मी काय करू?"

दोन पाय जवळ आले. मग ओल्या खळीने माखलेले दोन हात. तो शांतपणे एकेक केस सोडवू लागला. इतका शांतपणे की तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लवकर करा नं!"

"करूनच राहिलो. केस सोडवू का सूत सोडवू? दोन्ही सारखंच दिसून राहिलं."

"केस काळे हायेत. डोळे फुटले काय तुमचे?"

"नाही फुटले... दिपले," तो हळूच म्हणाला.

तिने पुस्तकं छातीशी आणखी घट्ट धरली. तेवढ्यात 'टप्' असा बारीकसा आवाज झाला आणि मान मोकळी झाली. त्याने एक धागा तोडला होता. केस नव्हे, धागा! ती पलीकडे जाऊन उभी राहिली तेव्हा तो दोन बोटांत ती दोन टोकं धरून गाठ मारत होता. इतक्या चपळाईने, की गाठ कुठे पडली ते दिसलंसुद्धा नाही.

"तुटलं तर जोडता येते," तो म्हणाला. डोळे हसत होते मेल्याचे. "मी श्रीधर. नानाजींचा पोरगा. आतापर्यंत उमरेडले मामाकडं होतो, परवाच इथल्या कॉलेजसाठी आलो."

नानाजींचा! गोपिकाने पदर झटकला. "मंग मी तुमच्याशी बोलतच नाही."

"बापा! मंग आतापर्यंत कोण बोलून राहिलं होतं?"

ती वळली. तरातरा निघून गेली. गांधीबागेचा चौक ओलांडेपर्यंत तिचे गाल तापलेले होते, आणि ते रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं.

न बोलण्याचं कारण सगळ्या बोळाला पाठ होतं. गोपिकाच्या जन्माआधीची गोष्ट. तिच्या तुळजाआत्याचं लग्न होतं. वाजत गाजत वरात बोळाच्या तोंडाशी आली, आणि नेमका त्याच सकाळी नानाजींनी ताणा घातलेला. ओला. वरातीतले म्हणाले, काढा. नानाजी म्हणाले, नियम म्हणजे नियम. आत्याचे भाऊ महादेवराव, म्हणजे गोपिकाचे बाबा, म्हणाले, काढतो कसा नाही ते पाहतो! ताण्याच्या अलीकडून आणि पलीकडून जी शिवीगाळ सुरू झाली, ती मुहूर्त टळला तरी थांबली नाही. वरपक्षाने अपशकुन म्हणून वरात फिरवली. मग आत्याला एका बिजवराला दिली. तो काही वर्षांत गेला आणि आत्या पांढऱ्या कपाळाने परत आली. तेव्हापासून दोन घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. आत्या स्वतः त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नसे. बोलायचे ते दोघं पुरुष, आणि ओरडायचेही तेच.

कॉलेजात पाठक सर त्या वर्षी एक जुनी विलायती शोकांतिका शिकवत होते. तिचंच मराठी रूपांतर स्नेहसंमेलनात करायचं त्यांनी ठरवलं होतं. नदीच्या दोन काठांवर दोन घराणी, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. या काठची मुलगी, त्या काठचा मुलगा. पडदा उघडताच सूत्रधार सांगून टाकतो की शेवटी दोघंही मरणार. पहिल्या अंकात नायिकेच्या खिडकीत उंच मेणबत्ती जळत असते, आणि दर अंकाला ती लहान लहान होत जाते. शेवटच्या अंकात नायिकेचा भाऊ नावेच्या तळाची फळी उपटून ठेवतो. प्रेक्षकांना ते दिसतं. नावाडीही पाहतो आणि गप्प बसतो. आणि ती वेडी मुलगी केसांत फूल माळून, हसत हसत त्या नावेत पाय ठेवते...

"यालाच म्हणतात नाट्यगत उपरोध," पाठक सर चष्मा पुसत म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "जे तिला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. आपण जाणतो, पण काही करू शकत नाही. शोकांतिकेचं सगळं सौंदर्य यात आहे."

"सौंदर्य?" मुलींच्या बाकावरून गोपिका उठलीच. "सर, नाटकगृहात एवढे लोक बसलेले असतात. एक जण ओरडत का नाही, नावेत बसू नको म्हणून?"

वर्ग खो खो हसला. मुलांच्या बाकांवरून एक ओळखीचा आवाज आला. "ओरडलं तर नाटक संपून जाईल."

"संपू द्या की! मुलगी मरण्यापेक्षा नाटक संपलेलं काय वाईट?"

"पण मग लोक रडतील कशाला?" श्रीधर उभा राहून, अगदी नम्रपणे म्हणाला.

"लोकांच्या रडण्यासाठी तिने बुडायचं? वा!"

पाठक सर हसले नाहीत. त्यांनी गोपिकाला विचारलं, ही मुलगी बुडणार याची पहिली खूण कुठे आहे? गोपिकाने क्षणात सांगितलं. पहिल्याच प्रवेशात ती मैत्रिणीला म्हणते, ही नदी मी डोळे मिटून पार करीन. तिथेच तिचं मरण लिहून ठेवलंय. सर खूश झाले. असल्या पूर्वसूचना हुडकण्यात गोपिकाचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. नाटकातल्या, हं! घरातल्यांचं पुढे येईलच.

मुलींनी रंगमंचावर उभं राहायचं नाही, असा कॉलेजचा शिरस्ता. त्यामुळे नायिकेचं काम एका दांडग्या मुलाला मिळालं, त्याच्या घशातून नाजूक आवाज काढता काढता सगळी मंडळी घामाघूम झाली. नायक झाला श्रीधर. आणि गोपिकाला सरांनी प्रॉम्प्टर केलं. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर, आणि नट अडला की हळू आवाजात वाक्य पुरवायचं. सगळं नाटक जिला पाठ, तिने तोंड उघडायचं ते फक्त दुसऱ्यासाठी! याचाही तिला राग आला. मग तर आणखीच आला, कारण श्रीधर तिसऱ्या अंकात रोज अडू लागला. रोज त्याच जागी.

"तुझ्या काठावर ऊन आधी येतं," गोपिका विंगेतून कुजबुजे.

तो स्तब्ध उभा. जणू काही ऐकूच आलं नाही.

"तुझ्या काठावर ऊन आधी येतं, म्हणून मी रोज तिकडे तोंड करून उठतो!"

मग तो विंगेकडे पाही. दांडग्या नायिकेकडे नव्हे, विंगेकडे! आणि ते वाक्य असं म्हणे, की गोपिकाच्या मांडीवरची पानं उलटीसुलटी होत.

एकदा तालीम संपल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं. "बाकी सारं नाटक तुम्हाले पाठ हाये. हे एकच वाक्य काहून इसरता?"

"इसरत नाही."

"मंग?"

"तुमच्या तोंडून आयकाले बरं वाटते." तो एक पायरी उतरला. मग थांबला, आणि मागे न पाहता म्हणाला, "अन् माह्या खोलीच्या खिडकीतून तुमची ओसरी दिसते. खरंच तिथं ऊन आधी येते..."

गोपिका जिन्यात तशीच उभी राहिली. रागवायचं होतं तिला. शब्द सगळे तयार होते. पण हसू आधी आलं, आणि ते पदराआड दाबायला इतका वेळ लागला की तोवर तो फाटकाबाहेर गेलासुद्धा.

त्यानंतर दोघं घरी एका वाटेने येत, पण बोळाच्या तोंडाशी आले की एक आधी शिरे आणि दुसरं संत्र्याच्या हातगाडीपाशी उगाच भाव करत थांबे. संत्री कुणी घेत नसे. गाडीवाला वैतागला होता.

आणि याच दिवसांत, जी मुलगी नाटकातल्या मेणबत्तीची उंची पाहून मरण ओळखायची, तिला आपल्या घरातलं काही म्हणजे काही दिसलं नाही. कासार आला, मनगटाचं माप घेऊन गेला, बांगडी एकही न भरता. दिसलं नाही. विहिरीवर ती गेली की बायकांचं बोलणं थांबे आणि हसणं सुरू होई. दिसलं नाही. उशिरा आलं की बोल लावणारे बाबा आताशा विचारीतही नव्हते. आणि मागावर एक पिवळं लुगडं चढलं होतं, तांबडे रेशमी काठ, जरीचा पदर. गांधीबागेतल्या दुकानदाराची मागणी आहे, असं बाबांनी सांगितलं. गोपिकाला रंग आवडला. संध्याकाळी घरी आली की ती हौसेने मागावर बसे आणि गुणगुणत धोटा फेके.

त्या संध्याकाळी पदर विणायला आला होता. तुळजाआत्या मागे येऊन उभी राहिली. धोटा इकडून तिकडे जाताना पाहत राहिली. मग एकदम तिने धोट्यावर हात ठेवला.

"ऊठ वं पोरी. पदर नको विणू."

"काहून? बिघडलं काय?"

"सोताच्या लग्नाचं लुगडं सोता नाही विणत." आत्याचा आवाज फाटला. "मी सांगतलं महादेवले, पोरीले मागावर बसू देऊ नको. तो म्हणे, न बसवली तर तिले शंका यीन."

मागाची खटखट थांबली होती. गोपिकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कोणाच्या लग्नाचं?"

"उद्या पवनीचे मारोतराव येऊन राहिले. मोठे सुताचे व्यापारी. पोराची सुपारी फोडाले. शिक्षण बंद कराचं, असं ठरलं हाये. तुह्या बापानं साऱ्याइले गप्प राहाले सांगतलं... पोट्टी रागीट हाये म्हणे, दारात पाव्हणे आले की सांगू."

"कोणाकोणाले माहीत हाये?"

"अख्ख्या बोळाले."

"समोरच्याइलेही?"

आत्याने मान हलवली.

गोपिका मागातून उठली. पायात वहाणा नव्हत्या, पदर धड नव्हता. अंगणात माय काही तरी म्हणाली ते तिने ऐकलं नाही. बोळ ओलांडून ती सरळ निंबाखाली गेली. तिथे श्रीधर पुढच्या ताण्यासाठी बांबू उभे करत होता. साऱ्या बोळाच्या डोळ्यांदेखत ती त्याच्यासमोर उभी राहिली. बघू देत. बघण्यात तर पटाईत होते सगळे!

"तुले माहीत होतं?"

पहिल्यांदाच 'तुले' म्हणाली ती. त्याच्या हातातला बांबू खाली आला.

"होतं..."

"कवापासून?"

"नाताळच्या सुट्टीपासून."

"अन् तू बसून पाहून राहिला? रोज तालमीत माह्या तोंडातून ते वाक्य काढून घेतलं, अन् माह्या नावेची फळी निघाली ते एका शब्दानं नाही सांगतलं? त्या नावाड्यात अन् तुह्यात फरक काय गा?"

"गोपिका, आयक तर... वैऱ्याच्या घरचा पोट्टा सांगाले आला असता तर तुह्या बाबानं तुलेच बोल लावला असता. तुह्यावरच आळ आला असता."

"येऊ दे नं! मी खाल्ला असता तो बोल. मले काय सोसंल अन् काय नाही, हे ठरवणारा तू कोण? बाबा मले न विचारता ठरवते, तू मले न विचारता गप्प बसते. दोघंही माह्या भल्यासाठीच, नाही काय?"

त्याचे ओठ हलले. शब्द आला नाही. स्टेजवर तर नुसता धबधबा असे!

"मी करतो काहीतरी," तो शेवटी म्हणाला. "उद्या सकाळी. पाहाच तू."

"पाहणं पुरे झालं," गोपिका म्हणाली, आणि पाठ फिरवून चालू लागली. घराच्या उंबऱ्यापर्यंत तिने डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. आत आल्यावर आलं ते आलंच, आणि तेही संतापाचं.

सकाळी बोळाच्या तोंडाशी दोन टांगे थांबले. मारोतराव उतरले. जरीचा फेटा, हातात काठी, मागे नारळ आणि ओटीची ताटं घेतलेली माणसं. दोन पावलं आत आले आणि थबकले. बोळात खुंटीपासून निंबापर्यंत ताणा होता. ओला.

श्रीधर पहाटेच उठला होता. एकट्याने ताणा घातला होता, एकट्याने खळ फासली होती, आणि आता हातात कुंचा घेऊन मध्यभागी उभा होता. हेच त्याचं 'काहीतरी'. नियम म्हणजे नियम. राजा आला तरी थांबायचं.

"पुन्हा!" महादेवराव ओसरीवरून गरजले. "पुन्हा तेच! नाना, बाहीर ये! बहिणीचं लगन मोडलं, आता पोरीच्याही मुळावर उठला काय?"

नानाजी धोतर सावरत बाहेर आले. पोराने आजच ताणा का घातला हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. पण महादेवचा आवाज ऐकल्यावर ठाऊक असण्याची गरज काय? "खळ ओली हाये! आमचा ताणा आम्ही आमच्या वेळेले घालू! नियम काय तुह्या पाव्हण्याइसाठी बदलाचा?"

"हा काय परकार हाये, महादेवराव?" मारोतरावांनी काठी आपटली. दारोदार बायका उभ्या राहिल्या. आवाज चढले. तेच शब्द, त्याच शिव्या, तोच ताणा... तुळजाआत्या ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गोपिका ओसरीवरून उतरली आणि ताण्याला पोट टेकेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिली. पलीकडे श्रीधर. त्याच्या डोळ्यांत चक्क आशा होती. आता ही खूश होईल, असं वाटत होतं त्याला!

"वाट दे," ती म्हणाली.

"काय?"

"त्याइले येऊ दे. मले त्याइच्या तोंडावर 'नाही' म्हणाचं हाये. माह्यासाठी 'नाही' हे सूत काहून म्हणंल? मले तोंड नाही काय?"

"पण... ओला हाये गोपिका. ढिला केला तर सारा चिकटंल."

"मंग ढिला करू नको. काप."

दारातल्या बायका पुढे सरकल्या. बोळात कुणी कधी ताण्याला कात्री लावली नव्हती. तसा विचारही कुणाच्या मनात आला नसेल.

"खबरदार श्रीधर!" नानाजी ओरडले.

श्रीधरने तिच्याकडे पाहिलं. मग घरात गेला, आणि येताना त्याच्या हातात मागावरची मोठी कात्री होती. कात्रीची पाती मिटली, पुन्हा मिटली... धागे सुटून खाली झुकले, आणि ते धुळीला लागायच्या आत गोपिकाने पुढे होऊन निंबाकडचा झुबका दोन्ही हातांत झेलला. त्याच क्षणी त्याने खुंटीकडचा. मधे वाट झाली. ती या बाजूला, तो त्या बाजूला, आणि दोघांच्या कोपरांवरून खळ टपटप गळत होती.

"या," गोपिका मारोतरावांना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही लांबून आले. तुमचा काही दोष नाही. पण मले कोणी विचारलं नव्हतं, कालपर्यंत सांगतलंही नव्हतं. मले हे लगन नाही कराचं. मले शिकाचं हाये. तुमचा पोरगा नकळत फसू नये, म्हणून तोंडावर सांगून राहिली."

मारोतराव तिच्याकडे बघतच राहिले. नाराज झाले, फार नाराज झाले. पण फेटा सावरत महादेवरावांना म्हणाले ते असं, "पोरीले विचारलं नाही, हे तुम्ही आम्हाले सांगतलं नाही." आणि टांग्याकडे वळले.

महादेवरावांचा चेहरा काळानिळा झाला. ते ओसरी उतरून आले, हात उगारलेला. "हेच शिकवते काय तुमचं कॉलेज? या समोरच्या पोट्ट्यानं फितवलं तुले!"

"मले कोणी फितवलं नाही. तो तर बोलतच नाही," गोपिका म्हणाली, आणि श्रीधरकडे वळली. तो तोंड उघडून उभा होता. शब्द घशात अडलेला, अगदी तिसऱ्या अंकासारखा. तो सवयीने तिच्या ओठांकडे पाहू लागला.

"इथं मी सांगणार नाही," ती कडाडली. "सोता आठव!"

हातातले ओले धागे श्रीधरने छातीशी धरले.

"महादेवकाका," तो म्हणाला. आवाज चिरकला, अगदी स्टेजवरच्या नायिकेसारखा. "मी तिले वेळेवर सांगतलं नाही, ही माही चूक हाये. मले तिच्याशी लगन कराचं हाये. शिक्षण बंद कराचं नाही. अन् हे सगळं तिनं हो म्हटलं तर. मी तिलेच विचारून राहिलो. साऱ्याइच्या समोर."

मग जो गोंधळ उठला! महादेवराव म्हणत होते, माझं मढं पडल्यावर. नानाजी म्हणत होते, त्या घरची सून माझ्या उंबऱ्यात नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते दोघं तेच एकमेकांवर ओरडून सांगत होते.

"नाना."

आवाज इतका बारीक होता, की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. तुळजाआत्या खांब सोडून पुढे आली. कापलेल्या ताण्याच्या मधे, त्या वाटेत उभी राहिली. खाली पडलेली कात्री तिने उचलली, आणि उलटून पालटून पाहिली.

"नाना, त्या दिवशी तुह्या घरात कात्री नव्हती काय गा?"

नानाजींनी कात्रीकडे पाहिलं.

"अन् महादेव, तू..." ती भावाकडे वळली. "तुले मांगता नाही आली? शिव्या देता आल्या तुले, कात्री नाही मांगता आली? मी आत हळद लावून बसली होती. मले सारं आयकू येत होतं. मले वाटे, आता कोणी कापंल... आता कापंल..."

कात्री तिने नानाजींच्या हातात ठेवली. नानाजींनी ती घेतली, आणि तो थकला माणूस आपल्याच दाराच्या पायरीवर मटकन बसला. महादेवरावांचा उगारलेला हात केव्हाच खाली आला होता. ते बहिणीच्या पायांकडे पाहत होते, चेहऱ्याकडे पाहण्याची हिंमत होत नव्हती.

कापलेला ताणा टाकून थोडाच देतात! धागा न् धागा जोडायला हवा होता. दोन बाजूंना दोन जण बसल्याशिवाय ते होत नाही, आणि ज्यांच्यामुळे कापला गेला त्यांनीच बसावं, असं आत्याने फर्मावलं. कुणी नाही म्हणालं नाही. गोपिका आणि श्रीधर समोरासमोर बसले. एक टोक तिचं, एक टोक त्याचं, गाठ. पुन्हा एक टोक तिचं, एक त्याचं... दुपार कलली. बोटं खळीने चिकट झाली होती, आणि वारंवार उगाचच एकमेकांना चिकटत होती.

"उत्तर नाही दिलं अजून," तो हळूच म्हणाला.

"गाठी मार."

"राग गेला नाही काय?"

"नाही. जाणारही नाही लवकर."

"किती दिवस राहीन?"

"तू पुन्हा गप्प बसशील तवा तवा यीन." तिने शेवटचा धागा उचलला. त्याचं टोक आपल्या टोकाशी जुळवलं, पण गाठ मारली नाही. त्याच्याकडे पाहिलं. "तुह्या खिडकीतून आमची ओसरी दिसते म्हणते... अन् आमच्या ओसरीवरून तुही खिडकी दिसत नाही, असं वाटते काय तुले? मी रोज सकाळी उगाच तिथं तांदूळ निवडत बसते होय?"

आणि तिने गाठ मारली.

घरचे दोघं पुरुष पुढे कित्येक दिवस गुरगुरत राहिले. पण संमेलनाच्या संध्याकाळी दोन्ही घरं नाटकाला आली. तुळजाआत्याने आयुष्यात नाटक पाहिलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला नाना, अशी ताठ बसली होती. शेवटचा अंक आला. मेणबत्ती बोटाएवढी उरलेली. भावाने फळी उपटली, नावाडी गप्प राहिला. ती दांडगी नायिका केसांत फूल माळून, हसत हसत नावेकडे निघाली. विंगेत गोपिकाच्या मांडीवर संहिता होती, आणि सगळं नाटकगृह नेहमीप्रमाणे रुमाल काढून, जाणून-बुजून, गप्प बसलं होतं.

"बसू नको वं त्या नावेत!" तुळजाआत्या उभी राहून ओरडली. "फळी काढली हाये मेल्यानं! उतर खाली!"

नायिकेचा पाय हवेतच थांबला. पाठक सरांनी कपाळाला हात लावला. श्रीधर दुसऱ्या काठावरून गोपिकाकडे पाहू लागला, पुढचं वाक्य कोणतं म्हणून. गोपिकाने संहिता मिटून ठेवली.